इनुक्टिटुटचं एक अक्षर कॉम्प्युटरमधे नीट कसं बसवायचं (कोड पॉइंट १५८३ ची गोष्ट)

आधीच सांगून टाकतो, ज्या अक्षरावर हा सगळा लेख आहे ते अक्षर इथे कुठेच दिसणार नाही. मुद्दाम टाकलेलं नाही, कारण निम्म्या लोकांच्या मोबाईलवर त्याजागी रिकामा चौकोन आला असता आणि मग "काहीच दिसत नाही" हेच ऐकावं लागलं असतं, त्यापेक्षा खाली दिलंय तसं करा आणि तुमच्याच मशीनवर ते स्वतः बनवून बघा. कोड पॉइंट म्हणजे युनिकोडने (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची कॉम्प्युटरसाठीची यादी) एका अक्षराला दिलेला नंबर, तो सोळाच्या पद्धतीत (हेक्स) लिहितात, म्हणून त्यात ए ते एफ पण येतात. दुसरं म्हणजे कोडमधले आकडे मी मराठीत लिहितोय, पण कीबोर्डवर दाबताना इंग्रजी आकडेच दाबायचे हं, मराठी १५८३ टाकलंत तर ढिम्म काही होणार नाही.

मी यात पडलो ते एका कामामुळे. पुण्यात बसून कॅनडातल्या एका क्लायंटचा फॉर्म आणि त्याच्यामागचा डेटाबेस सांभाळायचं काम होतं, त्यात गावांची नावं इंग्रजीत आणि इनुक्टिटुटमधे अशी दोन्ही. इनुक्टिटुट म्हणजे तिकडच्या उत्तरेकडच्या इनुइट लोकांची भाषा, नुनावुत नावाचा त्यांचा प्रदेश १ एप्रिल १९९९ ला वेगळा झाला, त्याची राजधानी इकालुइत. तर तक्रार अशी आली की इकालुइत सर्च केलं की काही नोंदी येतात आणि काही येतच नाहीत. डोळ्यांनी बघितलं तर सगळीकडे एकच शब्द, तंतोतंत एकच. आम्ही दोन आठवडे डेटाबेसच्या सेटिंगला शिव्या घातल्या, इंडेक्स पुन्हा बांधला, कॅशे उडवली, आणि शेवटी कुणीतरी वैतागून त्या शब्दाची लांबी मोजली तर एका ओळीत पाच आणि दुसऱ्या ओळीत सहा!

ते सहावं कुठून आलं हे कळायला आधी लिपी थोडी समजून घ्यावी लागते, फार नाही, पाच मिनिटं.

या लिपीला सिलॅबिक्स म्हणतात, म्हणजे एक अक्षर एक पूर्ण उच्चार, पि, पु, पा असा. गंमत अशी की स्वर बदलला की मात्रा लागत नाही, अख्खं अक्षर फिरतं. नुसता त्रिकोण घ्या, टोक वर असेल तर इ, टोक उजवीकडे असेल तर उ, डावीकडे असेल तर आ. क चं कुटुंब तर आपल्याला बघताच लक्षात राहतं: कि म्हणजे इंग्रजी पी सारखं, कु म्हणजे डी सारखं, का म्हणजे बी सारखं (डी आणि बी लहान लिपीतले), एकच आकार चारी बाजूंना वळवलेला. आणि नुसतं व्यंजन, म्हणजे आपलं पाय मोडलेलं अक्षर, लिहायचं असेल तर आ च्या रूपातलं अक्षर छोटं करून वरच्या बाजूला लावायचं.

ही लिपी मुळात क्री (कॅनडातलेच दुसरे मूळ रहिवासी) लोकांच्या भाषेसाठी १८४० मधे नॉर्वे हाऊस इथे जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने छापात आणली, आणि यामागे पिटमनची शॉर्टहँड आणि चक्क आपली देवनागरी या दोन्हींचा हात आहे असं अभ्यासक मानतात. क्री लोकांच्या परंपरेत मात्र ही लिपी मिस्तानास्कोवेव नावाच्या त्यांच्याच माणसाला दैवी देणगी म्हणून मिळाली असं सांगतात, आणि ती लिपी ज्या वेगाने माणसाकडून माणसाकडे पसरली ते बघता त्यांनी तिला आपलंच मानलं यात नवल नाही. पुढे तीच लिपी इनुइटांकडे गेली, बॅफिन बेटाच्या बाजूला एडमंड पेक या मिशनऱ्याने ती रुजवली. म्हणजे लांबची का होईना पण आपल्या क ख ग शी ओळख असलेली लिपी आहे, आणि तरीही कॉम्प्युटरमधे ती आपल्यापेक्षा एकदम उलट्या पद्धतीने बसवलीय, तेच मुख्य.

आपल्याकडे पि लिहिलं की कॉम्प्युटर दोन गोष्टी साठवतो, एक प आणि एक ऱ्हस्व वेलांटी, मग फॉन्ट त्यांना जोडून दाखवतो, वेलांटी डावीकडे सरकवतो वगैरे. तिकडे पि हे अख्खं एकच कोड पॉइंट, १४३१. पु दुसरा, १४३३. पा तिसरा, १४३८. वेलांटी, उकार, काना असं काही वेगळं नाहीच. म्हणून देवनागरीला युनिकोडमधे १२८ जागांचा ब्लॉक पुरला आणि कॅनेडियन सिलॅबिक्सला ६४० जागांचा लागला, १४०० पासून १६७एफ पर्यंत. १९९९ मधे युनिकोड ३.० आलं त्यात यातली ६३० अक्षरं आली, उरलेल्या १० जागा २००९ च्या ५.२ मधे भरल्या आणि त्याचवेळी १८बी० पासून आणखी एक पुरवणी ब्लॉक जोडला.

आता आपलं अक्षर. १५८३, उच्चार का, पण आपला का नाही, घशातून काढलेला, उर्दूतल्या क़लमचा क़ असतो ना तसला. दिसायला कसं, तर डावीकडे वर एक छोटंसं वळण आणि त्याला लागून इंग्रजी लहान बी सारखा आकार. आता लक्षात घ्या, ते छोटं वळण म्हणजेच इनुक्टिटुटचा पाय मोडलेला र (कोड १५५०), आणि तो बी सारखा आकार म्हणजे साधा का (कोड १४७२). म्हणजे डोळ्याला र् + का, आणि कॉम्प्युटरला मात्र एकच अक्षर १५८३. इथेच माती खाल्ली होती आम्ही.

अक्षर टाईप कसं करायचं

रोज टाईप करायचं असेल तर सरळ कीबोर्ड ॲड करा, विंडोजमधे इनुक्टिटुट नक्कित्ताउत नावाचा लेआउट येतो, मॅकवर इनुक्टिटुटचे चारेक लेआउट आहेत (नुनावुत, नुनाविक, क्वर्टी वगैरे), आणि इतर भाषा, म्हणजे क्री, ओजिब्वे यांच्यासाठी कीमॅन या कीबोर्डच्या सॉफ्टवेअरवर बघा. पण टेस्टिंगसाठी एकदाच हवं असेल तर कीबोर्ड कशाला.

वर्डमधे एक स्पेस द्या, १५८३ टाईप करा, लगेच ऑल्ट आणि एक्स दाबा. स्पेस विसरू नका, कारण आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर ए ते एफ यातलं असेल तर वर्ड ते पण आकड्याचाच भाग समजतो आणि भलतंच काहीतरी निघतं. मॅकवर कीबोर्डच्या सेटिंगमधे युनिकोड हेक्स इनपुट ॲड करा, मग ऑप्शन दाबून धरून १५८३. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल शिफ्ट यू, मग १५८३, मग एंटर. एचटीएमएलमधे टाकायचं तर अँपरसँड, हॅश, एक्स, १५८३, सेमीकोलन. किंवा एक्स न लावता दशमानातला आकडा ५५०७. पायथॉनमधे कोटमधे बॅकस्लॅश, लहान यू, १५८३.

दिसलं का? चौकोन आला असेल तर घाबरायचं कारण नाही, अक्षर बरोबर आहे, फॉन्ट नाही एवढंच. विंडोजमधे गडुगी किंवा युफेमिया हे फॉन्ट लावून बघा, मॅकवर युफेमिया यूसीएएस असतो, बाकी सगळ्यांना गूगलचा नोटो सॅन्स कॅनेडियन ॲबोरिजिनल फुकट मिळतो. नुनावुत सरकारसाठी बनवलेला पिगिआर्निक पण आहे. वेबसाइट करत असाल तर यूजरच्या मशीनवर असेलच असं धरून चालू नका, वेबफॉन्ट द्या, आणि त्या मजकुराला भाषेचा टॅग लावा, इंग्रजी अक्षरांत आय यू आणि लिपीसाठी डॅश देऊन कॅन्स (सी ए एन एस). हा टॅग लोक टाळतात, मग ब्राउझर कुठलातरी भलता फॉन्ट उचलतो आणि अक्षरं एक लहान एक मोठं दिसतात.

बरोबर तेच बसलंय का, हे तपासा

डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे या लेखातलं सगळ्यात कामाचं वाक्य. पायथॉन उघडा, युनिकोडडेटा हे मॉड्यूल घ्या आणि एकेका अक्षराचं नाव छापा. उत्तर "कॅनेडियन सिलॅबिक्स क्यूए" असं एकच यायला हवं (इंग्रजी कॅपिटलमधे येतं). दोन ओळी आल्या, एकीत आर आणि एकीत केए, तर तुमच्याकडे जोडकाम केलेलं खोटं अक्षर आहे.

नावं बघताना एक गोंधळ होतो तो आत्ताच सांगतो. ही नावं बरीचशी क्री उच्चारांवरून ठेवलीत, त्यामुळे इनुक्टिटुटमधला उ हा यादीत ओ म्हणून येतो, नु हा एनओ म्हणून, लु हा एलओ म्हणून. नाव चुकलंय असं वाटून दुसरं अक्षर शोधत बसू नका, दुसरं नाहीये, आणि युनिकोडमधे एकदा दिलेलं नाव कधीच बदलत नाहीत, चुकलं तरी नाही.

बाइट बघायचे असतील तर यूटीएफ-८ मधे (कोड पॉइंट बाइटमधे साठवायची नेहमीची पद्धत) हे अक्षर तीन बाइटचं: ई१, ९६, ८३. हे कसे आले? १५८३ चे सोळा बिट लिहा, पहिले चार, मग सहा, मग सहा असे तोडा, आणि प्रत्येक तुकड्याच्या पुढे यूटीएफ-८ ची ठरलेली खूण लावा, झालं. आपल्या क ला पण तीनच बाइट लागतात, ई० पासून सुरू होणारे. याचा एक फायदा आहे, फाईल चुकीच्या एन्कोडिंगने उघडली की आपल्या मराठीचा कसा कचरा होतो माहितीये ना, उलटी रेघ डोक्यावर असलेले ए आणि ते गोल चार पायांचं चलनाचं चिन्ह, सगळी स्क्रीन भरून. तसा सिलॅबिक्सचा कचरा झाला की दर अक्षरामागे सुलट तिरकी रेघ असलेला ए दिसतो. तो दिसला की समजायचं डेटा शाबूत आहे, फक्त वाचणाऱ्याने चष्मा चुकीचा घातलाय. एक्सेलमधे सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली की हमखास हेच होतं, तेव्हा फाईल सेव्ह करताना सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी खूण) टाका किंवा डेटा मेनूतून इंपोर्ट करून यूटीएफ-८ निवडा. फक्त त्या कचऱ्यावर चुकूनही सेव्ह दाबू नका.

र् + का ची भानगड

आता परत आमच्या पाच आणि सहा कडे. इकालुइत बरोबर लिहिलं तर पाच कोड पॉइंट: १४०३ (इ), १५८३ (का), १४डी७ (लु), १४०३ (इ), १४६६ (त्). पंधरा बाइट. हाच शब्द आपण देवनागरीत लिहिला तर सात कोड पॉइंट आणि एकवीस बाइट होतात, असो. चुकीच्या नोंदींत १५८३ च्या जागी १५५० आणि १४७२ असे दोन होते, म्हणजे वाचायला गेलं तर इर्कालुइत. कुणीतरी कधीतरी अक्षरांच्या तक्त्यातून क्लिक करून करून नावं भरली होती, त्याला वळण दिसलं, बी दिसला, त्याने जोडला. त्याचा तरी काय दोष.

मराठी माणसाला हे लगेच कळेल असं उदाहरण आपल्या घरातच आहे. ॲप हा शब्द. यातला ॲ हे एक वेगळं कोड पॉइंट आहे, ०९७२, ते युनिकोडमधे २००८ साली आलं. त्याच्याआधी, आणि अजूनही, बरेच जण अ आणि त्यावर चंद्र असे दोन तुकडे जोडून लिहितात. दिसायला सारखं, आत वेगळं, आणि कंट्रोल एफ केलं की अर्धेच सापडतात. इथे लगेच कुणीतरी हुशार म्हणतो, अरे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका साच्यात आणणं) करा ना. करा, काहीच होणार नाही. नॉर्मलायझेशन फक्त तिथे चालतं जिथे युनिकोडने अधिकृतपणे सांगितलंय की हे दोन एकच आहेत. क़ साठी सांगितलंय, एकसंध क़ दिला तर तो क अधिक नुक्ता असा सुटून मिळतो. ॲ साठी सांगितलेलं नाही. आणि सिलॅबिक्समधल्या तर एकाही अक्षरासाठी नाही, सगळी अक्षरं अखंड, फोड नाहीच. म्हणून तिथे नॉर्मलायझेशनचे एनएफसी, एनएफडी असे कुठलेही प्रकार लावा, पाच ते पाच आणि सहा ते सहाच राहतात.

मग उपाय? स्वतःचा बदलीचा तक्ता. १५५० नंतर १४७२ आलं तर १५८३. १५५० नंतर १४७३ (लांब का) आलं तर १५८४. १५५० नंतर १४८३ (पाय मोडलेला क) आलं तर १५८५. कि आणि कु ची पण तशीच जोडी लावून घ्या. पण हे आंधळेपणाने रन करू नका, आधी सापडलेल्या सगळ्या शब्दांची यादी काढा आणि ती भाषा बोलणाऱ्या माणसाला दाखवा. याचं कारण मी माझ्या चुकीवरून सांगतो. मी तक्ता लिहिला आणि उत्साहाच्या भरात एक पाऊल पुढे जाऊन असाही नियम टाकला की पाय मोडलेल्या घशातल्या क़ नंतर (१५८५) साधा कु आला तर तो पण घशातला करून टाक, दोन्ही सारखे हवेत ना, डोकं लावलं मी. तर रस्त्याला इनुक्टिटुटमधे अक्कुती म्हणतात, दोन्ही क घशातले, आणि नुनावुतच्या पद्धतीत तो शब्द लिहिताना पहिला घशातला पाय मोडका आणि पुढचा साधा कु असाच लिहितात, तेच शुद्ध. मी यादीतले सगळे रस्ते बिघडवून ठेवले. तिकडच्या बाईंनी फारच सभ्य भाषेत ईमेल लिहिला, वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणखी काही जुळे भाऊ

लांब स्वराचा टिंब. लांब का म्हणजे १५८३ वर टिंब नाही, ते स्वतंत्र १५८४ आहे. काही जण साध्या अक्षरावर वेगळं टिंब (०३०७) चिकटवतात, ते वरच्याच प्रकारात मोडतं, शोधा आणि बदला.

इंग्रजी अक्षरं. कि साठी कॅपिटल पी, का साठी बी, मु आणि मा साठी जे आणि एल, इ साठी ग्रीक डेल्टा, हे सगळं लोकांनी केलेलं मी बघितलंय. सगळ्यात कहर म्हणजे १५७सी, त्याला नुनावुत एच म्हणतात आणि तो दिसायला इंग्रजी कॅपिटल एच, कणभरही फरक नाही, पण लिपी वेगळी. पा हे अक्षर तर गणितातल्या लहान-असण्याच्या खुणेसारखं दिसतं, आणि कुणी पा च्या जागी तीच खूण वेबपेजमधे टाकली आणि लगेच पुढे इंग्रजी अक्षर आलं की ब्राउझर म्हणतो टॅग सुरू झाला आणि पुढचा मजकूर गिळून टाकतो. पकडायला सोपं आहे, रेजेक्समधे (मजकुरातला नमुना शोधायची पद्धत) लिपी कॅनेडियन ॲबोरिजिनल अशी अट घाला आणि एका शब्दात दोन लिप्या दिसल्या की लाल खूण करा. जाता जाता, नावाच्या रकान्यात फक्त ए ते झेड चालेल अशी अट ज्या ज्या फॉर्ममधे आहे ती काढा, ती आपल्या आजीचं नाव पण घेत नाही.

क्री मधे तर एकाच उच्चाराला दोन कोड मिळतील. प्वे घ्या, पूर्वेकडचे लोक व चा टिंब अक्षराच्या आधी देतात, पश्चिमेकडचे नंतर, आणि दोघांना वेगळे कोड पॉइंट आहेत, १४३ए आणि १४३बी. इथे मात्र एकाला दुसऱ्यात बदलायचं नाही! ती चूक नाही, ती लिहिण्याची रीत आहे. आमच्या कोकणात असं म्हणतात आणि तुमच्या विदर्भात तसं, म्हणून कुणी फाइंड-रिप्लेस मारत नाही ना.

सॉर्टिंग पण कोडच्या क्रमाने लावू नका. नुनाविकमधे (तो क्युबेकच्या उत्तरेचा भाग) घशातल्या क़ चं ऐकारांत रूप वापरतात, क़ै म्हणा. त्याचे बाकीचे भाऊ १५७एफ ते १५८५ मधे शेजारी शेजारी बसलेत आणि हा एकटा १६६एफ वर, दोनशेहून जास्त घरं पलीकडे. १९७६ मधे इनुक्टिटुटच्या लिपीचं जे प्रमाणीकरण झालं त्यात हा ऐ चा अख्खा स्तंभच गाळला होता, नुनाविकवाल्यांनी नंतर परत घेतला. त्यामुळे क्रमाचा तक्ता त्यांच्या शाळेत जसा शिकवतात तसा हाताने बनवून घेणं हेच बरं.

जुन्या फाईली

सरकारी ऑफिसातली जुनी कागदपत्रं आली की वेगळीच गंमत. युनिकोडच्या आधी तिकडे पण आपल्यासारखंच होतं, आपल्याकडे शिवाजी, कृती देव, श्रीलिपी, तिकडे नुनाकॉम आणि प्रोसिल. आत सगळी इंग्रजी अक्षरं, फक्त फॉन्टने सोंग घेतलेलं. नुनावुत हा शब्द नुनाकॉममधे आत काय असतो माहितीये? लहान के, कॅपिटल एन, कॅपिटल के, आणि ५. बस. लहान के म्हणजे नु, एन म्हणजे ना, मोठा के म्हणजे वु, ५ म्हणजे त्. इनुइट म्हणजे डब्ल्यू, के, डब्ल्यू, ५. आता विचार करा, यावर कुणी "सगळं लोअरकेस करा" वाली स्क्रिप्ट चालवली तर वु चा नु होतो, मोठा एन लहान झाल्यामुळे ना पण बदलतो, आणि नुनावुत ओळखूच येत नाही.

ओळखायचं सोपं, मजकूर सिलेक्ट करा आणि एरियल लावा. युनिकोड असेल तर अक्षरं सिलॅबिक्सच राहतील (किंवा चौकोन येतील), जुना फॉन्ट असेल तर लगेच मुखवटा गळून पडतो आणि के एन के ५ दिसतं. बदलायला कन्व्हर्टर मिळतात, पण कुठल्या फॉन्टचा मजकूर आहे ते आधी नक्की करा, नुनाकॉमचा तक्ता दुसऱ्या फॉन्टला लावला तर कृती देवचा मजकूर शिवाजीच्या कन्व्हर्टरमधून काढल्यासारखं होईल. आणि इंग्रजी-इनुक्टिटुट मिसळलेली फाईल असेल तर फक्त त्या फॉन्टमधलेच तुकडे बदलायचे, नाहीतर खरंखुरं ५ पण त् होऊन बसतं. फोन नंबरचं काय होतं ते मी सांगत नाही.

डेटाबेसमधली शेवटची पायरी, आणि नत्तिलिक

१५८३ हे तीन बाइटचं असल्यामुळे मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ८ मधे (जे खरंतर तीन बाइटवरच थांबतं) निवांत बसतं, आणि म्हणूनच लोक फसतात, त्यांना वाटतं सिलॅबिक्सचा सपोर्ट झाला. नाही झाला. नत्तिलिक इनुइट, म्हणजे ग्योआ हेवन, तालोयोआक, कुगारुक या गावांकडचे लोक, त्यांच्या बोलीतल्या काही आवाजांसाठी अक्षरंच नव्हती युनिकोडमधे. ह ची एक ओळ आणि श्र सारख्या आवाजाची एक ओळ, मिळून बारा अक्षरं. १९९९ मधे मोठा ब्लॉक आला तरी ही नव्हती, २००९ ला पुरवणी आली तरी नव्हती. मग नत्तिलिक भाषेतली जाणकार मंडळी आणि टायपोथेक या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचे केविन किंग यांनी मिळून प्रस्ताव केला, हाताने लिहिलेले नमुने, कुठलं अक्षर कशासाठी लागतं, कसं वळतं, सगळं, आणि २०२१ च्या युनिकोड १४.० मधे ती आली. बावीस वर्षं लोकांनी आपलीच भाषा टाईप करताना जुगाड केला.

ही अक्षरं ११एबी० ते ११एबीएफ या सोळा जागांच्या ब्लॉकमधे आहेत (बारा नत्तिलिक, चार जुन्या लिखाणातली), आणि हा पत्ता पाच आकडी असल्यामुळे यूटीएफ-८ मधे चार बाइट लागतात. म्हणजे जुन्या यूटीएफ८ च्या टेबलात नाव तिथेच कापलं जाईल किंवा एरर येईल. टेबल यूटीएफ८एमबी४ (चार बाइटपर्यंत घेणारं) करा, कनेक्शन पण तेच करा, एकाला करून दुसऱ्याला विसरणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. जावास्क्रिप्टमधे अशा एका अक्षराची लेंग्थ २ येते, त्यामुळे "जास्तीत जास्त २० अक्षरं" वाली अट कोड पॉइंट मोजून लावा. पायथॉनमधे लहान यू चालत नाही, कॅपिटल यू आणि पुढे शून्य भरून आठ आकडे. फॉन्ट पण नवी आवृत्ती आहे ना बघा, २०२१ च्या आधीच्या फॉन्टमधे ही असणं शक्यच नाही.

आता चाचणी. एक ओळ बनवा, त्यात इकालुइत (पाच कोड पॉइंट), अक्कुती, एक नुनावुत एच असलेला शब्द आणि एक नत्तिलिक अक्षर टाका. ही ओळ फॉर्ममधून भरा, डेटाबेसमधे जाऊन लांबी आणि बाइट मोजा, सर्च करा, सीएसव्हीत काढा, एक्सेलमधे उघडा, परत इंपोर्ट करा, पीडीएफ बनवा आणि त्या पीडीएफमधून कॉपी करून पायथॉनमधे पेस्ट करून पुन्हा नावं छापा. आमचं सगळीकडे पास झालं आणि पीडीएफमधे आपटलं, दिसायला अगदी सुंदर, पण कॉपी केलं की १५८३ च्या जागी परत र् आणि का. रिपोर्ट बनवणाऱ्या टूलमधे कुणीतरी आत एक जुना फॉन्ट ठेवून दिला होता, तो काढला तेव्हा कुठे पाच आले.